हंगाम अडुसष्ट-एकोणसत्तर

दिवसभर सातबारे छापून तापलेला हा संगणक
रात्री नवानंतर माझा.
रोहण्यात वीज असली तर.

खेळ परदेशी आहे. संघ घाला, मैदानं घाला,
तारखा घाला, बटण दाबा.
तो आपला आपण सगळे सामने खेळून टाकतो,
अख्खा हंगाम चार मिनिटांत.
हवामानाच्या यादीत बर्फ आहे, लू नाही.
मार्चच्या सामन्यांना मी ‘निरभ्र’ लावलं
आणि मनात म्हटलं, माफ करा.

वेळापत्रक नत्थूजी पखाल्यांच्या वहीतलं.
आठवडाभर जिनातल्या काट्यावर कापूस मोजायचे,
रविवारी धावा.
वही एकच. सुलटी धरली की बोजे, गाठी, आडत;
उलटी धरली की विरूळ विरुद्ध आर्वी,
कॉर्कचा चेंडू, मॅटिंगचं भाडं दोन रुपये.
मधल्या एका पानावर दोन्ही बाजू भेटतात,
आणि तिथे कुणीतरी एकशे बारा मण
नाबाद आहे.

सहा संघ. आर्वी, धनोडी, रोहणा, विरूळ, सोरटा,
आणि पुलगावची मिल.
सगळे एका रेघेवर, कारण ती रेघ लहान गाडीची.
तिच्या वेळेवर नाणेफेक, तिच्या वेळेवर चहा,
संध्याकाळी तिची शिट्टी ऐकू आली
की सामना असेल तिथे अनिर्णित.
फलंदाज पॅड सोडत फलाटाकडे,
यजमान पॅडच्या मागे. गावात जोडी एकच होती.

हे सांगायला खेळात रकाना नाही.
थकवा तो अंतरावर मोजतो.
पुलगाव ते आर्वी : नगण्य, म्हणाला.
मी वाद घातला नाही.

सगळ्या तारखा चढवल्या तर लाल अक्षरं आली :
वेळापत्रक असमतोल.
जितके घरचे सामने तितकेच बाहेरचे हवेत.
वहीत सोरट्याचे घरचे शून्य.

नत्थूजी ब्याऐंशीचे. कानाशी ओरडून विचारावं लागतं.
“सोरट्याले मैदानच नोहतं बाप्पा.
होतं थे खळं. माघापर्यंत तुरीनं भरेल राहे.”
बरं, आणि संक्रांतीनंतर सोरटा वहीतच नाही, ते?
“त्यायचे सहा जण मिलमध्ये लागले.
मंग थे पुलगावकडून खेळले.”
इतकंच. जणू धडा उतरवून घेतला अन् पाटी पुसली.

पण खेळाला पाच संघ चालत नाहीत.
कुणासमोर कुणीतरी उभं पाहिजे.
म्हणून मी एक संघ केला, नाव ‘रिकामा’.
खेळाडूंच्या नावाची चौकट कोरी सोडता येत नाही,
तेव्हा एक, दोन, तीन, असं अकरापर्यंत.
कौशल्य : शून्य. अनुभव : शून्य.
घरचं मैदान म्हणून सोरट्याचं खळं दिलं.
फाल्गुन लागला होता. तूर निघाली असणार.

बटण दाबलं.
वहीत ढाल आर्वीची, इथे रोहण्याला मिळाली.
मी हात लावला नाही, शपथ.
आणि तेवीस फेब्रुवारीला, खळ्यावर,
रिकाम्याने विरूळला दोन गड्यांनी हरवलं.
सात, नाबाद एकतीस.

एकट्यानेच हसलो. पुन्हा पाहिलं.
मग लाइट गेली.

सकाळी नत्थूजींना सांगितलं, गंमत म्हणून.
ते हसले नाहीत.
वही मागितली, उलटी केली,
बोट वरून खाली नेत एका जागी थांबले.
“सात नंबरले केशव उमाटे ये.
थो नोहता लागला मिलमध्ये.”
बराच वेळ बोट तिथेच.
“मंग रविवारी थो काय करे,
कोणं इचारलंच नाही.”